गाव सोडायच्या आधी बंबाकडं बघा

प्रश्न : कोल्हापूर शहराला चिकटून असलेल्या एका गावातून एका आईनं लिहिलं आहे. मुलगा दीड वर्षाचा. गेल्या थंडीत दिवाळीनंतर एकदा आणि संक्रांतीच्या सुमाराला पुन्हा, असा दोनदा त्याला न्यूमोनिया झाला. दुसऱ्या खेपेला पाच दिवस ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. सासूबाई म्हणतात, सुनेनं गार वाऱ्यात फिरवलं, दही चारलं, म्हणून छाती भरली. सुनेला वाटतं, सगळा दोष हवेचा : साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की गच्चीवरच्या वाळवणावर काजळी पडते, आजूबाजूला उसाचे फड पेटतात, हायवेची धूळ घरात येते. नवरा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगचं काम करतो. सासऱ्यांचं वय ६८, बिडीची जुनी सवय, थंडीत त्यांनाही धाप लागते. पुन्हा दिवाळी जवळ आली आहे. ती विचारते, "मुलाला घेऊन गगनबावड्याकडं माहेरी चार महिने राहू का? तिथं झाडी आहे, कारखाना नाही. पण घरचे म्हणतात, हे माहेरी राहायचं निमित्त आहे. की हवा शुद्ध करायचं मशीन घेऊ? आणि खरं सांगा, चूक माझी होती का?"

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो घेऊन तुम्ही वर्षभर झोपला नसाल. नाही, चूक तुमची नव्हती. दह्यानं न्यूमोनिया होत नाही, केळ्यानं होत नाही, संध्याकाळी दारात उभं राहिल्यानंही होत नाही. न्यूमोनिया जंतूंमुळं होतो. कधी न्यूमोकॉकससारखे जिवाणू असतात, कधी आरएसव्ही किंवा फ्लूचे विषाणू, आणि पुष्कळदा आधी विषाणू येऊन वाट मोकळी करतो, मागून जिवाणू येतो.

पण सासूबाईंनाही लगेच खोटं पाडू नका. 'थंडीत होतं' हे त्यांचं निरीक्षण चोख आहे, त्यांनी लावलेलं कारण तेवढं चुकलंय. थंडीत आपण दारं-खिडक्या लावून एकत्र बसतो, एकाचा खोकला चौघांना लागतो. वरची हवा उबदार आणि जमिनीलगतची गार राहिली की धूर वर चढत नाही. डिसेंबरात पहाटे पंचगंगेच्या काठानं कधी गेला असाल तर उसाच्या शेंड्यांच्या उंचीवर धुराचा पट्टा लोंबकळताना तुम्ही पाहिला असेल. त्यांना दिसली ती थंडी, तुम्हाला दिसला तो धूर. दोघी एकाच गोष्टीकडं बघताय.

आता हवेचा आणि न्यूमोनियाचा संबंध सांगते, तो कळला की पुढचे निर्णय सोपे होतील. न्यूमोकॉकस हा जंतू बऱ्याच निरोगी मुलांच्या नाकात-घशात असतोच. तिथं तो निमूट बसलेला असतो. प्रश्न एवढाच की तो खाली फुप्फुसात कधी उतरतो. एरवी त्याला उतरू देत नाहीत त्या दोन गोष्टी. श्वासनळीच्या आत अगदी बारीक लव असते, ती चिकट कफ सतत वर लोटत राहते, घरातला केर उंबऱ्याबाहेर लोटावा तसा. आणि खाली, जिथं हवेतला प्राणवायू रक्तात जातो त्या फुग्यांमध्ये, राखणदार पेशी असतात. आलेला जंतू त्या गिळून टाकतात. धुरानं ही लव मंदावते. राखणदार पेशी काजळीचे कण गिळून गिळून भरून जातात आणि जंतू समोर आला तरी त्यांच्यात त्राण उरत नाही. शिवाय धुरानं चुरचुरलेल्या पेशींवर जंतूला धरून बसायला जास्त जागा तयार होतात. म्हणजे धूर जंतू आणत नाही. धूर दार उघडून देतो.

आजार जड होतो तोही यातूनच. नळ्या आधीच सुजलेल्या, कफ घट्ट, त्यात न्यूमोनिया. मोठ्या माणसाला जो सोसवेल तो दीड वर्षाच्या बाळाला ऑक्सिजनवर नेतो. असं बाळ शांत झोपेतही मिनिटाला पंचवीस-तीस श्वास घेतं, आपण बारा ते अठरा. वजनाच्या मानानं ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतं, आणि त्याच्या नळ्या मुळातच अरुंद.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की घरातल्या धुरामुळं लहान मुलांतल्या अशा संसर्गाचा धोका जवळपास दुप्पट होतो, आणि जगात पाच वर्षांखालच्या मुलांचे न्यूमोनियानं जे मृत्यू होतात त्यातले ४४ टक्के या धुराशी जोडलेले आहेत. इथं 'घरातला' या शब्दापाशी जरा थांबा. तुमच्या तीन पानी पत्रात कारखान्याची काजळी आहे, फड आहेत, हायवे आहे. आणि मध्येच, जाता जाता, एक ओळ आहे : "पहाटे पाचला अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटतो तेव्हा मी बाळाला घेऊन न्हाणीशेजारच्या खोलीत असते, धुरानं त्याला ठसका लागतो म्हणून दार ओढून घेते." ताई, मी ही ओळ दोनदा वाचली.

तो बंब मला डोळ्यांसमोर दिसतो, कारण आमच्याही घरी होता. तांब्याचा, मधून नळी गेलेला, खाली राखेचा ढीग. आधी चिपाडं, मग शेणी, आणि पेट घेत नाही म्हणून दुधाच्या पिशवीचा एक तुकडा. पहिली वीस मिनिटं पिवळा, जड धूर येतो, तो न्हाणीच्या दारातून माजघरात येऊन छताला टेकतो आणि मग खाली उतरतो. ओढलेल्या दाराच्या फटीतून तो येतोच. बारीक कण म्हणजे अडीच मायक्रॉनच्या आतले, आपल्या केसाच्या जाडीच्या वीस-पंचविसाव्या हिश्श्याएवढे. त्यांना दार, पदर, रुमाल काही अडवत नाही. कारखान्याचं धुराडं कोसभर लांब आणि उंचावर आहे. बंब बाळापासून दहा पावलांवर आहे.

आणि बंब एकटा नाही. तुम्हीच लिहिलंय की सासूबाई दर दोन-चार दिवसांनी तव्यावर मशेरी भाजतात तेव्हा सगळं घर खोकतं. ती तंबाखू जळत असते, घरात कुणी बिडी ओढली तर जे होईल तेच होतं. सासऱ्यांची बिडी आहेच. रात्री मच्छर कॉइल. एका अभ्यासात असं मोजलं गेलंय की एक कॉइल पूर्ण जळली की ७५ ते १३७ सिगरेटींइतके बारीक कण हवेत सोडते, आणि आपण ती पाळण्याखाली ठेवतो. बाळ तान्हं असताना रोज अंघोळीनंतर ओवा-धुपाची धुरी दिली, असंही तुम्ही कौतुकानं लिहिलंय. मायेनंच दिली सगळ्यांनी. माझ्याही आजीनं मला दिली. पण ती निखाऱ्यावरची धुरी बाळाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असते.

म्हणून माहेरचं विचारलंत तर माझा उलटा प्रश्न : तिथं पाणी कशावर तापतं? स्वयंपाक कशावर होतो? गगनबावड्याकडं हवा चांगलीच आहे, पण पावसाळी भागातल्या घरांना खिडक्या लहान असतात, लाकूड ओलं असतं आणि चूल बहुधा माजघराला लागून असते. तुमची आई नातवाला मांडीवर घेऊन चुलीपुढं शेकत बसली तर बाहेरची झाडी त्याच्या छातीपर्यंत पोचणार नाही. माहेरी गॅस असेल, चूल परसात असेल, कुणी बिडी ओढत नसेल, तर हंगामाचे दोन-तीन महिने जरूर जा, आणि घरचे निमित्त म्हणाले तर सांगा, डॉक्टरांनीच जायला सांगितलंय. पण आणखी एक बघून ठेवा : मध्यरात्री बाळाला धाप लागली तर तिथून ऑक्सिजन असलेलं रुग्णालय किती वेळात गाठाल? घाटाकडच्या रस्त्यावर हा प्रश्न मोठा आहे. तुमच्या गावातून कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय अर्ध्या तासात आहे.

एक गोष्ट मी झाकून ठेवणार नाही. चूल बदलली की न्यूमोनिया गेला, इतकं हे सरळ नाही. ग्वाटेमालात काही घरांना धुराडं असलेल्या चुली देऊन पाहिलं, २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. एकूण न्यूमोनिया ठामपणे म्हणता येईल इतका घटला नाही, पण जड न्यूमोनिया, ऑक्सिजन लागावा असा, सुमारे एक तृतीयांशानं घटला. त्यानंतर भारतात तमिळनाडूत आणि इतर तीन देशांत मिळून सुमारे ३,२०० गरोदर बायकांच्या घरी गॅस देऊन बाळं वर्षाची होईपर्यंत पाहिलं, तिथं तर जड न्यूमोनियातही स्पष्ट फरक दिसला नाही. घरात धूर बराच कमी होऊनही. याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा मी घेत नाही. लस, पोषण, दाटीवाटी, शेजारचा धूर, बाहेरची हवा, हे सगळं एकत्र काम करतं, आणि एकच दोरा ओढून गाठ सुटत नाही, असा घेते. तुम्ही बंब हलवलात आणि तरीही मुलाला सर्दी-खोकला झाला तर 'बघ, काही उपयोग झाला नाही' असं कुणी म्हणेल. तेव्हा हे आठवा.

त्यासाठीच आता हवेच्या पलीकडचं विचारते, आणि माझ्या मते तुमच्या मुलासाठी हे सर्वांत आधी व्हायला हवं. एका वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला की आम्ही डॉक्टर त्याला वारंवार होणारा न्यूमोनिया म्हणतो आणि कारण शोधतो. दोन्ही वेळचे एक्स-रे घरात असतील तर ते घेऊन बालरोगतज्ज्ञांकडं जा आणि विचारा : दोन्ही वेळा डाग एकाच जागी होता का? मधल्या काळात एक्स-रे स्वच्छ झाला होता का? एकाच जागी असेल तर श्वासनळीत काहीतरी अडकलेलं असू शकतं. आपल्याकडं ते काहीतरी बहुतेक वेळा शेंगदाणा असतो. कधीतरी खाताना जोराचा ठसका लागला होता, मग थांबला, सगळे विसरले, असं झालंय का ते आठवून बघा. जागा वेगवेगळी असेल तर दमा, हृदयातला दोष, घरात कुणाला क्षयाचा खोकला, दूध वर येऊन श्वासात जाणं, अशी कारणं तपासतात. आणि दम्याची घरघर न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक दिलं गेलं, असंही घडतं. सगळं हवेवर ढकललं तर यातलं खरं कारण निसटेल.

लसीचं कार्ड काढा. न्यूमोकॉकसची पीसीव्ही लस २०२१ पासून सगळ्या देशात सरकारी केंद्रात फुकट मिळते : दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. हिब या न्यूमोनिया करणाऱ्या दुसऱ्या जिवाणूवरची लस पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीतच येते, दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना. गोवर-रुबेलाही बघा, गोवरामागून येणारा न्यूमोनिया फार वाईट. एखादा डोस चुकला असेल तर लाजू नका, आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, काय भरून काढता येतं ते तिथल्या नर्सताई सांगतील. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर दरवर्षी देता येते. ती मात्र खाजगीत, पैसे देऊन.

मशीनचं थोडक्यात. बंद खोलीत, चांगला फिल्टर असलेलं मशीन बारीक कण कमी करतं, हे खरं. पण शेजारी बंब पेटलेला असताना मशीन लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसत बसणं. तेच पैसे पाणी तापवायच्या साधनावर घाला. गच्चीवर सोलर बसवता येत असेल तर सर्वांत उत्तम, आपल्या भागात ऊन भरपूर आहे. इलेक्ट्रिक गीझर चालेल. गॅस गीझर घेतलात तर तो न्हाणीच्या आत लावू नका, बाहेरच्या भिंतीला लावून घ्या. बंद न्हाणीत त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वास न येता जीव घेतो. यातलं काहीच लगेच जमणार नसेल तर एक पैशाचा खर्च नसलेली गोष्ट करा : बंब उचलून परड्यात न्या, वाऱ्यानं धूर घरात येणार नाही अशा बाजूला. पेटवायला प्लॅस्टिक वापरू नका. मशेरीचा तवाही तिकडंच. कॉइलऐवजी मच्छरदाणी.

सासूबाईंशी हे कसं बोलायचं, हा खरा अवघड भाग आहे. 'तुमच्या बंबामुळं झालं' असं म्हणालात तर गेल्या वर्षी तुम्हाला जे वाटलं तेच त्यांना वाटेल, आणि बंब हलणार नाही. त्यांनी चाळीस वर्षं तो धूर स्वतःच्या छातीत घेतलाय. सगळ्यांना अंघोळीला गरम पाणी मिळावं म्हणून पहाटे उठणारी बाई आहे ती. मी तुमच्या जागी असते तर पुढच्या तपासणीला त्यांनाच बाळाबरोबर नेलं असतं आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर सांगायला लावलं असतं. धुरीच्या जागी त्यांना दुसरं काही द्या : कोवळ्या उन्हात मालिश, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून, आपल्या मनगटावर ताप बघून, छातीला हलका शेक. त्यानं न्यूमोनिया टळत नाही, पण धूर होत नाही आणि आजीचा हात बाळाला लागतो. कापूर मात्र त्याच्या हाताला लागू देऊ नका, पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात.

घरातल्या दोन पुरुषांबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, तरी सांगते. वेल्डिंगच्या धुरानं न्यूमोकॉकसचा न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो. ब्रिटनमध्ये अशा कामगारांना न्यूमोकॉकसची लस घ्यायचा सल्ला सरकारी मार्गदर्शनात आहे. तुमच्या यजमानांना कामावर नीट बसणारा एन-९५ मास्क वापरायला सांगा, फडकं नाही, आणि घरी आल्यावर कपडे बाहेरच बदलून, हातपाय धुऊनच बाळाला घ्यायला सांगा. सासऱ्यांची थंडीतली धाप 'वयाची' म्हणून सोडू नका. कॅनडात हॅमिल्टन नावाचं पोलादाचं शहर आहे. तिथं ६५ वर्षांवरच्या माणसांत असं आढळलं की जे वर्षभर जास्त खराब हवेत राहतात ते न्यूमोनियानं जास्त वेळा रुग्णालयात दाखल होतात. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप येईलच असं नाही. अचानक बरळणं, जेवण सोडणं, तोल जाणं, एवढंच दिसतं. त्यांच्या फुप्फुसांची तपासणी करा, न्यूमोकॉकस आणि फ्लूच्या लसीचं विचारा, आणि बिडी अंगणात नव्हे, बंदच.

एवढं घरातलं बोलले म्हणून बाहेरच्यांना मी सोडून दिलेलं नाही. २०१९ मध्ये केंद्रानं स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तेव्हा हवा ठरलेल्या मर्यादेत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत आपलं कोल्हापूर होतं, शेजारचं सांगलीही. आणि ती मर्यादा तरी किती सैल : बारीक कणांची वर्षाची सरासरी आपल्याकडं घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलेला आकडा ५ आहे. तुमची काजळीची तक्रार रास्त आहे. वाळवणावरची काजळी एका पांढऱ्या कागदावर गोळा करा, तारीख-वेळ घाला, फोटो काढा, आणि चार शेजारणींच्या सह्यांनिशी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थानिक कार्यालयात द्या. एकटीचं पत्र फाइलीत जातं. फडाचं मात्र कार्यालयातून सुटणार नाही, ते गावातच बोलावं लागेल. तुमच्या भावकीत ऊस असेलच. पाला पेटवण्याऐवजी सरीत दाबला तर जमिनीला खत होतं, हे त्यांना ठाऊक असतं. पेटवणारच असतील तर निदान आदल्या दिवशी सांगा म्हणावं, त्या दिवशी बाळाला दुसरीकडं नेता येईल. कोपऱ्यावरचा कचरा पेटवणाऱ्यालाही टोका. हंगामात खिडक्या पहाटे आणि रात्री बंद, दुपारी ऊन वर आलं की उघड्या. झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसणं.

आता एक काम आजच करा, आणि त्यात सासूबाईंना घ्या. रात्री बाळ गाढ झोपलं की अंगावरचं पांघरूण बाजूला करा आणि घड्याळ लावून पूरा एक मिनिट त्याच्या पोटाकडं बघा. पोट वर गेलं की एक. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, मुलांचा श्वास एकसारखा नसतो. एक ते पाच वर्षांच्या मुलात आकडा ४० किंवा जास्त आला तर त्याच दिवशी डॉक्टर. (शेजारणीचं बाळ दोन महिने ते एक वर्षाच्या आत असेल तर ५०, दोन महिन्यांच्या आत असेल तर ६०.) श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, म्हणजे आपण 'पोट उडतंय' म्हणतो ते, किंवा बाळ काही पीत नसेल, सगळं ओकत असेल, जागं करूनही मलूल राहत असेल, झटका आला, ओठ निळसर दिसले, तर आकडा मोजत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा सरळ निघा. कोविडच्या वेळी घेतलेलं बोटाचं ऑक्सिमीटर त्याच्या बारक्या बोटावर नीट बसत नाही, त्याच्या आकड्यावर विसंबू नका.

आज तो बरा आहे, म्हणून आजचा आकडा महत्त्वाचा. तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेच्या चौकोनात लिहा. आठवड्यातून दोनदा मोजा, एकदा तुम्ही, एकदा आजी. दिवाळीनंतर एखाद्या रात्री त्याला ताप भरला की कुणाचं खरं यावर वाद घालायला वेळ नसेल. दोघी कॅलेंडरपाशी जा आणि किती वाढलाय ते बघा.